एका गाडीचे चार ड्रायव्हर

गाडी ठोकली की माणूस आधी देवाचं नाव घेतो आणि मग तोतारामभाऊंचं. देवाला तो निदान खरं सांगतो. तोतारामभाऊंच्या वाट्याला जे येतं ते घरातल्या चार शहाण्यांनी फोडणी घालून, वरून कोथिंबीर भुरभुरून वाढलेलं असतं. चोपड्यात गाड्यांच्या विम्याची एजन्सी चालवता चालवता त्यांच्या डोक्यावरचे केस गेले, ते अपघातांपायी नाही, या फोडणीपायी गेले.

भटू नावाच्या एका केळीवाल्याचंच घ्या. उद्या सर्व्हेअर गाडी बघायला येणार म्हटल्यावर त्याने ठोकलेली गाडी धुतली, पुसली, चेपलेल्या बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. दारात पाहुणा येणार आणि गाडी अशी ओकीबोकी कशी दाखवायची! फुटलेल्या दिव्याच्या काचासुद्धा झाडून उकिरड्यावर टाकल्या. सर्व्हेअर येऊन बघतो तर अपघात झालाय की वाढदिवस, तेच कळेना. दुसऱ्या एकाची गाडी स्वतःच्याच घराच्या फाटकाला घासली होती. पण आपली गाडी आपल्याच फाटकाला लागली म्हणायची लाज, म्हणून त्याने नीलगाय आडवी आल्याचं सांगितलं. नीलगाईच्या अंगाला हिरवा ऑइलपेंट कोणी दिला, असं सर्व्हेअरने विचारलं तेव्हा मान खाली घालायची वेळ आली ती तोतारामभाऊंवर. गिऱ्हाईक आपलं चहा सांगायला घरात पळालं.

फाटकाला लागली तरी विमा मिळतोच. हेच त्यांचं दुखणं होतं. खरं सांगितलं असतं तर दोघांचंही काम आठवड्यात झालं असतं. "खरं बोलाले काय पैसा लागतस का रे?" असं ते ज्याला त्याला विचारत आणि समोरचा मान डोलावून पुन्हा खोटंच बोले. पालथ्या घड्यावर पाणी. पूर्वी ते जीवन विम्याचं काम करत. ते काम बरं होतं, असं त्यांना अलीकडे फार वाटायचं. त्यात गिऱ्हाईक स्वतः क्लेम करायला येत नाही.

तरी जीवराम आबांकडून त्यांना असली अपेक्षा नव्हती. आबा जुनं गिऱ्हाईक. चोपड्याच्या अलीकडच्या गावात त्यांची केळी आणि कापूस, घरात पुष्पाबाई, मुलगा योगराज, आणि आदल्या वर्षी पाचोऱ्याला दिलेली मुलगी मयुरी. माणूस असा सरळ की बाजारात केळीच्या भावातही हातचं राखून बोलणार नाही. त्यामुळे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांचा फोन आला तेव्हा तोतारामभाऊ निर्धास्त होते.

"तोताराम, गाडी लागनी रे भो. रस्तावरना मोरीना कठडाले. मानसं बठ्ठा चांगला शेत."

"मानसं चांगला शेत ना, मंग काय काळजी नही. गाडी कोना हातम्हा व्हती?"

माणसं सगळी सुखरूप आहेत म्हणणारे आबा आता फोनवर नुसते खाकरले. मागे पुष्पाबाई काहीतरी कुजबुजल्या.

"मनाच हातम्हा," आबा म्हणाले. "आनि मी कंपनीले फोन करीसन तसंच लिखाडी बी दिधं."

तोतारामभाऊंनी कपाळाला हात लावला. आबांचं लायसन संपून वर्ष होत आलं होतं. ते नवं करून घ्या म्हणून तोतारामभाऊ दर भेटीत कानीकपाळी ओरडत आणि आबा दर भेटीत "केळी उतरी गयात का करसू" म्हणत. आबा ट्रॅक्टर सोडून सहसा काही चालवत नव्हते, म्हणून ते चालून गेलं. आता लायसन संपलेला मालक गाडी चालवत होता, असं त्याने आपण होऊन कंपनीला लिहवून दिलं होतं. म्हणजे क्लेमच्या छातीवर स्वतःच्या हाताने दगड ठेवला होता.

स्कूटरला किक मारून ते तसेच आबांच्या गावाला गेले. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. आबांच्या अंगणातल्या लिंबाला आखाजीचा झोका अजून तसाच बांधलेला होता आणि ओट्यावर खाटेवर जावई जितेंद्र बसला होता. त्याचं नाक वांग्यासारखं सुजलं होतं आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली होती. तोतारामभाऊंना पुढचं कोणी सांगायची गरजच उरली नाही. आबांच्या गाडीत हवेची पिशवी एकच, आणि ती फुटली की चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. आबांचं तोंड तर पांढऱ्या मिशांसकट जसंच्या तसं होतं.

"काका, खरं म्हणजे गाडी मी..." जितेंद्रने तोंड उघडलं.

"जावईबापू, तुम्ही सांजोरी खा," आबा म्हणाले.

"पण मामा, त्यांना सांगायला तर..."

"वं, जावईबापूले पानी आन थंडं!" आबांनी आत आवाज दिला. पुष्पाबाई तांब्या घेऊन इतक्या तातडीने आल्या की जणू पाहुण्याला ठसका लागलाय. जितेंद्र पाणी प्याला. पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही, हे त्या घराला चांगलं ठाऊक झालेलं दिसत होतं.

तोतारामभाऊंनी आबांना हाताला धरून गोठ्याच्या मागे नेलं.

"आबा, जवाईजवळ लायसन शे?"

"शे ना. पक्कं शे."

"गाडीनी चावी कोनी दिधी?"

"मीच दिधी. जळगावले जायी येवा म्हनं, आपलीच गाडी समजा."

"मंग झायं! लायसनवाला मानूस, मालकनी चावी दिधेल, गाडीना इमा चालू. इतलंच लिखानं व्हतं, आबा. जवाईनं नाव लिखा, क्लेम पास. तुम्हनं नाव लिखं, क्लेम गया."

आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू तोतारामभाऊंनी त्यांना बैल विकायला सांगितला होता.

"जवाईनं नाव? अपघातना कागदवर? आनि पाचोराले जायी सांगू का याहीले, तुम्हना पोऱ्यानी मनी गाडी फोडी?"

यामागे टोपी-टॉवेल होतं. ते समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कुणालाच कळणार नाही. मयुरीच्या लग्नात वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांना मानाची टोपी आणि टॉवेल दिलं, नारळ दिले, सगळं रीतसर झालं. फक्त व्याही पुना आबा यांचा एक मावसभाऊ ऐनवेळी मंडपात आला आणि त्या गर्दीत त्याचा मान राहून गेला. पुना आबा तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. जेवले, हसले, वरात घेऊन पाचोऱ्याला गेले. मग दिवाळीला योगराज बहिणीला आणायला गेला तेव्हा "पोर कामम्हा शे" म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवलं. संक्रांतीला पुन्हा तेच. भांडण नाही, तंटा नाही, फक्त मयुरी माहेरी आली नाही. पुष्पाबाई दिवाळीभर फराळाचा डबा भरून ठेवत राहिल्या आणि योगराज तो रिकामा करत राहिला. यंदाच्या आखाजीला ती लग्नानंतर पहिल्यांदा आली होती, तीही जावयाला सोबत घेऊन. आबांनी जावयापुढे पायघड्या घालायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. आणि अशात गाडी मोरीला लागली.

"तोताराम, गाडी गयी तं गयी," आबा हळू आवाजात म्हणाले. "पन मनी पोरना रस्ता बंद नको व्हवाले."

तोतारामभाऊंना राग आला होता, खूप आला होता, पण तो त्यांनी गिळला. त्यांनी फक्त "आबा, खोटं कागदवर टिकत नही" एवढं म्हटलं. गोठ्याच्या कोपऱ्यावर पुष्पाबाई कान देऊन उभ्या होत्या, त्या पुढे झाल्या.

"मंग मनं नाव लिखी ले, तोताराम. माले कोन काय म्हनी?"

"अक्का, तुम्ही कधी सायकल तरी चालाडी का?"

"सायकल काय, शिकी लेसू."

तोतारामभाऊंनी हात जोडले आणि स्कूटर काढली. निघताना अंगणात त्यांना मयुरी दिसली होती की नाही, हेही त्यांना नंतर आठवेना. ती घरातच असणार. तिच्याशी बोलावं असं तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यांच्याही नाही.

दोन दिवसांनी सर्व्हेअर सारिका मॅडमचा जळगावहून फोन आला. त्या बाईंचं काम चोख. वाहन कुठे चेपलंय ते बोटाने चाचपून सांगणाऱ्या. आणि तोतारामभाऊंना त्यांचा आवाज ऐकूनच कळायचं की आता आपलं काही खरं नाही.

"तोतारामभाऊ, तुमच्या एका गाडीला दोन ड्रायव्हर कसे?"

"दोन?"

"आधी मालक म्हणाले, मी चालवत होतो. काल त्यांच्या मुलाने कंपनीला फोन करून दुरुस्ती सांगितली. वडिलांना आठवत नाही, मी चालवत होतो म्हणाला."

आगीतून फुफाट्यात. तोतारामभाऊंनी तिथल्या तिथे योगराजला फोन लावला. योगराजला म्हणे आबांचं लायसन संपल्याचं आठवलं, म्हणून त्याने अडलेलं घोडं पुढे काढायला स्वतःचं नाव दिलं. स्वतःच्या या हुशारीवर तो इतका खूश होता की शाबासकीची वाट बघत होता.

"योगराज," तोतारामभाऊ दात आवळून म्हणाले, "त्या दुपारले तू कोठे व्हता?"

"गावना क्रिकेट टूर्नामेंटम्हा. का?"

"काय करी ऱ्हायंता?"

"कॉमेंट्री."

"आनि ती कॉमेंट्री मोबाइलवर लाइव्ह चालू व्हती. अख्खा तालुकानी देखी. गाडी मोरीले लागनी तव्हय तू माइकवर चौकार चौकार बोंबली ऱ्हायंता. मनाच भाचा खेळी ऱ्हायंता, मी सोता ऐकी ऱ्हायंतू!"

 मग योगराज जरा पडेल आवाजात म्हणाला, "काका, ती व्हिडिओ काढी टाकू का?"

त्या दिवशी तोतारामभाऊ घरी जेवायला बसले तेव्हा त्यांच्या बायकोने विचारलं, भाजी खारट झाली का? कारण ते ताटाकडे बघून मान हलवत होते. भाजी ठीक होती. अख्खा जन्म त्यांनी असे लोक पाहिले होते की धडक दिल्यावर "मी नव्हतो तिथे" म्हणतात. धडक दिलेली नसताना "मीच होतो, मीच होतो" म्हणत रांग लावणारं घर मात्र पहिल्यांदा पाहत होते. बदमाश असते तर दोन शिव्या देऊन हात झटकता आले असते. हे लोक चांगले होते. चांगुलपणाने अंगावर येणाऱ्या माणसाला तोडायचं कसं? हा खरा त्रास होता.

शेवटी त्यांनी सगळ्यांना बाजूला ठेवून थेट जितेंद्रला फोन केला. तो तोवर पाचोऱ्याला परत गेला होता, मयुरी माहेरीच होती. जितेंद्र फोनवर जवळजवळ रडकुंडीला आला.

"काका, मी पहिल्या मिनिटाला मामांना सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी मला खायला देतात. पुरणपोळी, सांजोऱ्या, रस. माझं वजन वाढलं, पण कुणी ऐकून घेतलं नाही."

"मग शनिवारी जळगावला गॅरेजवर या. लायसन घेऊन या. एकटे या," तोतारामभाऊ म्हणाले. 'एकटे' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

शनिवारी अजिंठा चौफुलीजवळच्या त्या गॅरेजात कोणीही एकटं आलं नाही. चोपड्याकडून आबा, पुष्पाबाई आणि योगराज रिक्षातून उतरले. सोबत मयुरी, हातात कपड्यांची बॅग, कारण तिथूनच तिला सासरी न्यायचं ठरलं होतं. पाचोऱ्याकडून जितेंद्र आला आणि त्याच्या मागे धोतर सावरत, कडक पांढरी टोपी घालून स्वतः पुना आबा. दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना राम राम घातला. दोघांनी एकमेकांच्या प्रकृतीची, केळीची, कापसाची, उन्हाची चौकशी केली. समोर बॉनेट फाकलेली गाडी उभी होती, तिच्याकडे मात्र दोघांनीही पाहिलं नाही.

सारिका मॅडम गाडीभोवती फिरून फोटो काढत होत्या. पत्र्याचं शेड तापून तव्यासारखं झालं होतं. एक फेरी झाल्यावर त्यांनी पेन काढलं.

"आता एकदाच आणि शेवटचं विचारते. गाडी कोण चालवत होतं?"

"मी," आबा म्हणाले.

"मी," योगराज म्हणाला, पण तोतारामभाऊंच्या डोळ्यांकडे नजर जाताच त्याने जीभ चावली.

"मॅडम, मी सांगतो, गाडी मी..." जितेंद्र पुढे झाला.

"जावईबापू, तुम्ही रस प्या ना, उसाचा," आबा घाईने म्हणाले आणि योगराजने रस्त्यापलीकडच्या गाड्यावरून आणलेला ग्लास जावयाच्या हातात कोंबला. जितेंद्रने तो ग्लास एका टायरवर ठेवून दिला आणि पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात मागून भारी आवाज आला.

"बाई, गाडी मना हातम्हा व्हती."

सगळे मागे वळले. पुना आबा टोपी नीट करत उभे होते, चेहरा कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसासारखा. 

"आबा," सारिका मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"पाचोराले."

"आणि गाडी कुठे होती?"

पुना आबांनी थोडा विचार केला. "ती आठेकडे, चोपडाकडे व्हती," ते म्हणाले, आणि वर कोणी न विचारता, "पन चूक मनीच शे," असंही म्हणाले.

ज्या माणसाच्या धाकाने एक अख्खं घर खोटं बोलत होतं, तो माणूस त्याच धाकाने खोटं बोलायला पाचोऱ्याहून भाड्याची गाडी करून आला होता. पोराने व्याह्याची गाडी फोडली. आता हे लोक मनात धरतील, सुनेला पाठवताना आढेवेढे घेतील, आपल्या दिवाळीची आठवण करून देतील, या विचाराने म्हाताऱ्याला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. हे सगळं तोतारामभाऊंना एका क्षणात कळलं आणि त्यांचा उरलासुरला धीर सुटला.

"अरे काय लावेल शे हे तुम्ही!" ते ओरडले. गॅरेजातला स्पॅनरचा आवाज थांबला. "आबा, याही, दोन्ही ऐका! तुम्ही एकमेकना मान राखी राखी गाडीले भंगारम्हा घाली ऱ्हायनात! चोर बी इतला लबाड बोलत नही जितला तुम्ही सज्जन लोक बोलतस!"

 दोन्ही आबा जमिनीवरच्या ऑइलच्या डागाकडे बघत राहिले. सारिका मॅडमनी तोवर गाडीचं डावं दार उघडलं होतं. त्या खाली वाकल्या आणि पायाखालच्या मॅटवरून काहीतरी उचलून तळहातावर घेतलं. हिरव्या काचेच्या बांगडीचे तुकडे होते ते.

"शेजारच्या सीटवर कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं. "चार ड्रायव्हर झाले, पण हे मला कुणीच सांगितलं नाही."

 जीवराम आबांनी डोळे मिटले.

"मी," मयुरी म्हणाली.

ती शेडच्या सावलीत बॅगेजवळ उभी होती. डोक्यावर पदर होता, तो तिने तसाच ठेवला आणि पुढे येऊन मनगट दाखवलं. खपली धरलेला आडवा ओरखडा होता.

"बांगड्या मन्या शेत. मी शेजारी बसेल व्हती. गाडी ह्यासना हातम्हा व्हती. बकरी आडवी उनी, ह्यासनी तिले वाचाडं आनि गाडी कठडाले लागनी. बस, इतलंच शे."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?" सारिका मॅडमनी विचारलं.

"कोनी इचारंच नही," मयुरी म्हणाली.

तेवढ्यावर थांबली असती तर क्लेमचं काम झालंच होतं. पण ती थांबली नाही. तिने आधी वडिलांकडे आणि मग सासऱ्यांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"टोपी-टॉवेल मी इसरनी व्हती का? तरी दिवाईले घरम्हा बसनी ती मीच. संक्रांतले बी मीच. तुम्ही बठ्ठा एकमेकना मान राखतस, एकमेकले चहा पाजतस. मायनी मनासाठे डबा भरा, तो कोनी खादा माले ठाऊक नही. एकनी तरी माले इचारं का, पोरी, तुले येवानं शे का?"

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुना आबांनी टोपी काढून हातात घेतली आणि ती हातात का घेतली ते न कळल्यासारखी तशीच धरून राहिले. जितेंद्र बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला. या वेळी त्याला कुणी काही खायला दिलं नाही.

"आबा," मयुरी वडिलांना म्हणाली, "आज मी पाचोरालेच जास. पन आंबा सरी जावाना पयले मी परत येसू. माले लेवाले कोनी येवानं नही, कोना निरोप बी नको. एसटी शे. माले तिकीट काढता येस."

मग तिने सारिका मॅडमकडे हात पुढे केला. "द्या कागद. लिखी देस मी."

तिने लिहून दिलं. जितेंद्रने लिहून दिलं, लायसन दाखवलं. जीवराम आबांनी आधीची माहिती चुकीची दिल्याचं मान्य करून सही केली. पुना आबांनाही कुठेतरी सही करायची होती, पण त्यांच्यासाठी कागदच नव्हता. ते नुसते सुनेची बॅग उचलून आपल्या भाड्याच्या गाडीकडे चालायला लागले. मयुरीने ती काढून घेतली नाही, त्यांना नेऊ दिली.

खोट्याला जादा कागद लागतात, हे मात्र तोतारामभाऊंना पुढचा महिनाभर भोगावं लागलं. कंपनी म्हणाली, तीन वेळा तीन नावं कशी? प्रतिज्ञापत्र आणा. प्रतिज्ञापत्र दिलं तर म्हणाली, स्टॅम्प पुसट आहे. तो ठळक केला तर म्हणाली, गाडीच्या मालकाचं वय एका ठिकाणी वेगळं आहे. सारिका मॅडमनी आपल्या अहवालात जे दिसलं ते स्वच्छ लिहिलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर गाडी त्या शेडमध्येच गंजली असती. इकडे जीवराम आबा रोज सकाळी फोन करत. गाडी कव्हय भेटी? गाडी कव्हय तयार व्हई? पोरले लेवाले याच गाडीनी जासू, बँड नही लावस, पन गाडी धोयी-धायी, हार घालीसन जासू. हार म्हटलं की तोतारामभाऊंना भटूचं बॉनेट आठवे.

"आबा, ती म्हने कोनी येवानं नही."

"म्हने तं म्हने. बापनी जावाले नको का?"

तोतारामभाऊंनी वाद घातला नाही. या माणसाशी वाद घालण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

जूनच्या सुरुवातीला क्लेम पास झाला. गाडी तयार झाल्याचा गॅरेजचा निरोप दुपारी आला. तोतारामभाऊंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी आधी पंख्याखाली बसून ग्लासभर ताक प्यालं आणि मग आबांचा नंबर लावला. आता म्हातारा फोनवर नाचेल, तासाभरात जळगावला पोहोचेल, अशा तयारीने त्यांनी घसा साफ केला.

फोन आबांनी उचललाच नाही. बाईमाणसाचा आवाज आला. मागे भांड्यांचा खणखणाट, कुणाचं तरी हसणं, आणि पुष्पाबाई "साल नको टाकू, साल नको टाकू" म्हणून कुणाला तरी रागावत होत्या.

"कोन?"

"काका, मी मयुरी. आबा रस काढी ऱ्हायनात, हात भरेल शेत त्यासना."

"तू कव्हय उनी?"

"सकायले. एसटीनी."

"लेवाले कोन गयं व्हतं?"

"कोनीच नही," ती म्हणाली.

 काय बोलायला फोन केला होता तेच तोतारामभाऊ विसरले होते. मग आठवलं.

"बरं. आबाले सांग, गाडी तयार शे. जळगावले जायी लई या."

"सांगी देसू, काका," मयुरी म्हणाली. "पन घाई नही."

तोतारामभाऊंनी फोन खाली ठेवला. धंद्यात इतकी वर्षं घालवली, पण गाडीची घाई नाही म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.